व्हीलॅन बनवलं, पोर्ट टाकला, तरी आयपी जुनाच: परत परत येणाऱ्या तक्रारीचा माग

मॅनेज्ड स्विचवर (ज्याचं सेटिंग बदलता येतं असा स्विच) नवीन व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आणि केबलवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क, बनवल्यानंतरच्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात. कुणाच्या कॅमेऱ्याला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी मिळतो. कुणाच्या लॅपटॉपला आयपी मिळतो, पण जुन्याच नेटवर्कचा. कुणाचं सगळं रात्री सुरळीत चालू असतं आणि सकाळी स्विच बंद-चालू झाला की पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी बरेच जण स्विच फॅक्टरी रिसेट करतात आणि सगळं नव्याने भरतात. दुसऱ्यांदा भरताना एखाद्या चौकोनात योगायोगाने बरोबर टिक पडते आणि काम होतं. कारण मात्र कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या पोर्टवर तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

इथलं सगळं ८०२.१क्यू मानकावर चालणाऱ्या व्हीलॅनबद्दल आहे, म्हणजे आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक मॅनेज्ड आणि 'स्मार्ट' स्विचबद्दल. काही छोट्या स्विचच्या मेनूत 'पोर्ट-बेस्ड व्हीलॅन' असा आणखी एक मोड असतो. तो फ्रेमवर (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पुडक्यावर) टॅग, म्हणजे व्हीलॅनचा नंबर सांगणारी खूण, लावत नाही आणि त्या एका डब्यापुरताच चालतो. दोन स्विच जोडायचे असतील किंवा एकाच केबलवरून दोन व्हीलॅन राउटरपर्यंत न्यायचे असतील, तर तो उपयोगाचा नाही. त्यामुळे मोड कोणता निवडलाय तेवढं सगळ्यात आधी बघून घ्या.

आत येण्याचा नियम आणि बाहेर जाण्याचा नियम

'पोर्ट ५ व्हीलॅन २० मध्ये टाकला' असं आपण सहज म्हणतो. स्विचच्या आत मात्र ते दोन स्वतंत्र निर्णय असतात.

पहिला निर्णय फ्रेम आत येताना होतो. संगणक, प्रिंटर, कॅमेरा ही यंत्रं सहसा टॅग लावत नाहीत. फ्रेमवर टॅग असेल तर स्विच त्यातला नंबर मानतो, आणि नसेल तर त्या पोर्टचा पीव्हीआयडी, म्हणजे टॅग नसलेल्या फ्रेमसाठी त्या पोर्टला नेमलेला व्हीलॅन नंबर, बघतो. फ्रेम कोणत्या व्हीलॅनची हे त्याच क्षणी ठरतं आणि त्या स्विचच्या आत ते पुढे बदलत नाही. दुसरा निर्णय बाहेर जाताना होतो. या व्हीलॅनचे सभासद पोर्ट कोणते, आणि त्या त्या पोर्टवर टॅग ठेवून पाठवायचं की काढून? हे सभासदत्वाच्या टेबलवरून ठरतं. टॅग्ड आणि अनटॅग्ड हे पर्याय तिथलेच.

सिस्कोच्या कमांड लाइनवर 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' आणि 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०' लिहिलं की दोन्ही निर्णय एकदम लागू होतात, त्यामुळे तिथे शिकलेल्यांना पीव्हीआयडी हा शब्द फारसा भेटत नाही. वेब पानावरून सेट करायच्या छोट्या स्विचमध्ये, उदाहरणार्थ टीपी-लिंकच्या इझी स्मार्ट मालिकेत, सभासदत्व एका पानावर आणि पीव्हीआयडी दुसऱ्या पानावर असतो. पहिलं पान भरून 'अप्लाय' दाबलं की काम झालं असं वाटतं. घोडं पेंड खातं ते इथेच.

एक उदाहरण अगदी फ्रेमच्या मागे मागे जाऊन पाहू. आठ पोर्टचा स्विच आहे. पोर्ट १ ला राउटर. राउटरवर दोन नेटवर्क: व्हीलॅन १ साठी १९२.१६८.१.०/२४ आणि व्हीलॅन २० साठी १९२.१६८.२०.०/२४, दोन्हींवर डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी देणारी सोय, चालू. पोर्ट ५ ला कॅमेरा, आणि तो २० मध्ये हवा आहे. सेटिंग असं दिसतं:

पोर्ट १: व्हीलॅन १ अनटॅग्ड, व्हीलॅन २० टॅग्ड, पीव्हीआयडी १
पोर्ट ५: व्हीलॅन १ अनटॅग्ड, व्हीलॅन २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १

कॅमेरा सुरू झाला आणि त्याने 'मला आयपी द्या' अशी डीएचसीपी डिस्कव्हरची हाक मारली. फ्रेमवर टॅग नाही. पोर्ट ५ चा पीव्हीआयडी १. म्हणजे ही हाक व्हीलॅन १ मध्ये गेली, पोर्ट १ वरून टॅगशिवाय बाहेर पडली आणि राउटरच्या व्हीलॅन १ च्या डीएचसीपीने ती ऐकली. उत्तर व्हीलॅन १ मधूनच परत आलं. पोर्ट ५ अजून व्हीलॅन १ चा सभासद आहे, म्हणून उत्तर कॅमेऱ्यापर्यंत पोचलं. कॅमेऱ्याला १९२.१६८.१ चा आयपी मिळाला. लक्षण: आयपी मिळतो, पण जुन्या नेटवर्कचा.

आता समजा, 'पोर्ट व्हीलॅन १ मधून काढायला हवा' असा सल्ला कुणीतरी दिला आणि तुम्ही काढलात, पण पीव्हीआयडी तसाच १ राहिला. हाक अजूनही व्हीलॅन १ मध्येच जाते. राउटर ऑफर पाठवतो. पण पोर्ट ५ आता व्हीलॅन १ चा सभासद नाही, त्यामुळे ऑफर त्या पोर्टवरून बाहेर पडत नाही. कॅमेरा वाट बघतो, पुन्हा हाक मारतो, शेवटी स्वतःच १६९.२५४ चा आयपी घेऊन बसतो. राउटरच्या डीएचसीपी नोंदी उघडल्यात तर एकाच मॅक ॲड्रेसच्या (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याच्या) डिस्कव्हर-ऑफर, डिस्कव्हर-ऑफर अशा जोड्या दिसतील आणि ऑफर स्वीकारणारी रिक्वेस्ट कधीच दिसणार नाही. हा नमुना दिसला की कारण जवळजवळ पक्कं: जाणारी वाट आणि येणारी वाट वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत. स्विचवर इनग्रेस फिल्टरिंग (पोर्ट ज्या व्हीलॅनचा सभासद नाही त्याची फ्रेम आत येतानाच नाकारण्याची सोय) चालू असेल तर हाक पोर्टवरच टाकून दिली जाते आणि राउटरच्या नोंदीत काहीच दिसत नाही. मूळ चूक तीच असते, पुरावा तेवढा बदलतो.

दोन वेगळ्या तक्रारी आणि मुळाशी एकच सेटिंग. बरोबर जोडणी अशी:

पोर्ट ५: फक्त व्हीलॅन २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०

ज्या पोर्टला साधं यंत्र जोडायचंय तिथे अनटॅग्ड व्हीलॅन एकच ठेवा आणि पीव्हीआयडी त्याचाच असू द्या. एकाच पोर्टवर दोन व्हीलॅन अनटॅग्ड ठेवायला बरेच छोटे स्विच मुकाट्याने परवानगी देतात, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

मॅक टेबल आधी उघडा

मला विचाराल तर सेटिंगच्या पानांपेक्षा मॅक टेबलवर, म्हणजे कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर दिसलं याच्या स्विचच्या यादीवर, जास्त विश्वास ठेवावा. पानावर तुम्ही काय सांगितलंत ते असतं, टेबलमध्ये स्विचने प्रत्यक्ष काय केलं ते असतं.

यंत्राचा मॅक ॲड्रेस लिहून घ्या. स्विचवर टेबल उघडा. सिस्कोवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल', वेब पानावर बहुधा 'मॅक ॲड्रेस टेबल' किंवा 'फॉरवर्डिंग टेबल' या नावाने सापडतं. त्या ॲड्रेसच्या ओळीत दोन गोष्टी बघायच्या: पोर्ट कोणता आणि व्हीलॅन कोणतं. कॅमेरा पोर्ट ५ वर, पण व्हीलॅनच्या रकान्यात १ दिसला, तर पीव्हीआयडीची चूक तिथेच सापडली. २० दिसला, तर त्या पोर्टचा आत येण्याचा नियम बरोबर आहे आणि शोध पुढे न्यायचा.

नोंदच नसेल तर यंत्र गप्प असण्याची शक्यता आहे. बऱ्याच स्विचवर टेबलमधली नोंद ३०० सेकंद हालचाल नसेल तर पुसली जाते. त्या पोर्टला लॅपटॉप लावा, हाताने त्या नेटवर्कचा आयपी द्या आणि गेटवेला (त्या नेटवर्कमधल्या राउटरच्या आयपीला) पिंग सोडून ठेवा. उत्तर आलं नाही तरी चालेल, आयपीवरून मॅक ॲड्रेस विचारणारी एआरपीची हाक जात राहते आणि नोंद जिवंत राहते.

मग राउटरच्या दिशेने पुढच्या स्विचवर जा आणि तोच ॲड्रेस तिथे शोधा. तो आधीच्या स्विचकडून येणाऱ्या केबलच्या पोर्टवर, व्हीलॅन २० मध्ये दिसायला हवा. दिसला तर त्याच्या पुढच्यावर. ज्या स्विचवर तो दिसेनासा होतो किंवा दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये दिसतो, त्या स्विचच्या आणि त्याच्या आधीच्या स्विचच्या मधल्या केबलच्या दोन टोकांपैकी एका टोकावर चूक आहे. मग परतीची वाट तशीच तपासायची: राउटरचा मॅक ॲड्रेस व्हीलॅन २० मध्ये प्रत्येक स्विचवर योग्य पोर्टवर दिसतो का? जाणारी वाट तपासून थांबणारे पुष्कळ जण असतात, आणि परतीच्या वाटेवरची चूक तशीच राहते.

वायरशार्क (केबलवरच्या फ्रेम दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून टॅग बघायचा विचार असेल तर एक खबरदारी. विंडोजवर बऱ्याच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात आणि मग फ्रेम वायरशार्कला देतात. तिथे टॅग दिसला नाही म्हणून तो केबलवर नव्हता असं ठरवू नका. लिनक्सच्या यंत्रावर टीसीपीडम्प (तसंच काम करणारी कमांड) 'वजा ई' पर्यायासह चालवला की टॅगमधला व्हीलॅन नंबर सहसा सरळ दिसतो.

दोन स्विचच्या मधली केबल

अपलिंकवर, म्हणजे या केबलवर, तीन-चार प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

सगळ्यात साधी म्हणजे नवीन व्हीलॅन एका टोकाला टॅग्ड केलं आणि दुसऱ्या टोकाला करायचं राहून गेलं. वर सांगितलेल्या मॅक टेबलच्या मागोव्यात ती लगेच पकडली जाते.

दुसरी, मधल्या स्विचवर व्हीलॅन बनवलेलंच नाही. दोन टोकांच्या स्विचवर २० आहे, तिसरा स्विच फक्त वाटेत आहे, त्याच्यावर २० चं एकही यंत्र नाही, म्हणून तिथे ते बनवायचं कुणाच्या मनात येत नाही. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक (अनेक व्हीलॅन टॅगसह नेणारा पोर्ट) सुरुवातीला सगळी व्हीलॅन जाऊ देतो, त्यामुळे वाट मोकळी आहे असं वाटतं. पण व्हीलॅन त्या स्विचच्या डेटाबेसमध्येच नसेल तर त्याची फ्रेम तो पुढे पाठवत नाही. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर ते बनवावंच लागतं.

तिसरी चूक महागात पडते. सिस्कोवर आधीपासून १० आणि २० जाऊ देणाऱ्या ट्रंकवर ३० ची भर घालायची असते आणि हात लिहून जातो 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. ही कमांड यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिते. १० आणि २० त्या क्षणी बंद. स्विच दुसऱ्या इमारतीत असेल आणि तुम्ही १० मधूनच त्याच्यात शिरला असाल, तर तुमचं सत्रही बंद. 'अलाउड व्हीलॅन ॲड ३०' यातला 'ॲड' हा शब्द इथे सगळं काही आहे.

चौथी म्हणजे नेटिव्ह व्हीलॅनची विसंगती. ट्रंकवर एक व्हीलॅन टॅगशिवाय जातं, तेच नेटिव्ह. एका टोकाला ते १ असेल आणि दुसऱ्या टोकाला १०, तर इकडच्या १ मधली फ्रेम टॅग न लावता निघते आणि तिकडे १० मध्ये उतरते. दोन वेगळी नेटवर्कं नकळत एकमेकांना जोडली जातात. लक्षण विचित्र असतं: काही यंत्रांना कधी इथला आयपी, कधी तिथला, कारण दोन डीएचसीपी सर्व्हरपैकी ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा आयपी लागतो. दोन्ही टोकं सिस्कोची असतील तर सीडीपीमुळे (सिस्कोची यंत्रं एकमेकांना स्वतःची माहिती देतात ती सोय) लॉगमध्ये नेटिव्ह व्हीलॅन जुळत नसल्याचा इशारा येत राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच जोडलेले असतील तर असा इशारा मिळेल याची खात्री नसते, तिथे दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून नंबर जुळवणं हाच उपाय. नाव बघून फसू नका: एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात 'ट्रंक' या पर्यायाने अनेक केबल एकत्र बांधल्या जातात, आणि व्हीलॅन नेण्यासाठी पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये टॅग्ड करावा लागतो.

याच केबलवर एखादा साधा, अनमॅनेज्ड स्विच टेबलाखाली लपलेला असू शकतो. बरेचसे असे स्विच टॅग असलेली फ्रेम जशीच्या तशी पुढे देतात, त्यामुळे वरवर सगळं चालतं. अडचण आकाराची येते. साधी इथरनेट फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची. टॅगचे ४ बाइट धरले की १५२२. जुना डबा १५१८ च्या वरची फ्रेम टाकून देत असेल, तर लहान फ्रेम सुखरूप जातात आणि पूर्ण भरलेल्या हरवतात. डीएचसीपी चालतं, पिंग चालतो, पण वेब पानं अर्धवट अडकतात आणि फाइल कॉपी सुरू होऊन थांबते. तपासायला १४७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याच्या पर्यायासह सोडा. १४७२ मध्ये आयसीएमपीचे (पिंगच्या हेडरचे) ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात. साधा पिंग जातो आणि हा जात नाही, असं दिसलं तर वाटेतला डबा शोधायला लागा. तसंही टॅग्ड केबलच्या मध्ये अनमॅनेज्ड स्विच ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. आज चालला म्हणून उद्या बदललेला दुसरा डबा चालेलच असं नाही.

वायफायचा ॲक्सेस पॉइंट ज्या पोर्टला आहे तोही याच जातीचा. त्याचं स्वतःचं व्यवस्थापन सहसा अनटॅग्ड असतं आणि प्रत्येक वायफाय नावाचं व्हीलॅन टॅग्ड. पाहुण्यांचं वायफाय जोडलं जातं, पासवर्ड मान्य होतो आणि फोन आयपी मिळवण्यापाशी अडकतो, अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. स्विचच्या त्या पोर्टवर पाहुण्यांचं व्हीलॅन टॅग्ड आहे का ते बघा.

स्विच बरोबर आहे, तरी आयपी नाही

मॅक टेबल शेवटपर्यंत बरोबर निघालं तर स्विचला त्रास देणं थांबवा. डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्ट असते आणि ती व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. म्हणजे प्रत्येक व्हीलॅनमध्ये एक तर डीएचसीपी देणारं कुणीतरी हवं, नाहीतर गेटवेवर, हाक दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा रिले हवा. सिस्कोवर तो 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' या कमांडने त्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर लावतात. रिले हाकेत स्वतःचा पत्ता घालून ती सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर त्या पत्त्यावरून कोणत्या नेटवर्कमधला आयपी द्यायचा ते ठरवतो. सर्व्हरवर त्या नेटवर्कची रेंजच नसेल तर तो गप्प राहतो.

एल ३ स्विचवर (व्हीलॅनच्या मध्ये राउटिंगही करणाऱ्या स्विचवर) व्हीलॅनचा इंटरफेस डाउन दिसत असेल तर आधी एवढं बघा: त्या व्हीलॅनमधला किमान एक पोर्ट प्रत्यक्ष चालू आहे का? एकही यंत्र जोडलेलं नसताना तो डाउन असणं स्वाभाविक आहे.

आयपी योग्य मिळाला पण दुसऱ्या व्हीलॅनमधला विंडोज संगणक पिंगला उत्तर देत नाही, ही तक्रार व्हीलॅनची वाटते, पण बऱ्याचदा ती त्या संगणकाच्या फायरवॉलची असते. आधी एकाच नेटवर्कमध्ये होतात तेव्हा उत्तर यायचं आणि आता येत नाही, याचं कारण स्थानिक सबनेटपुरताच मोकळा ठेवलेला नियम असू शकतो. दुसऱ्या व्हीलॅनच्या गेटवेला पिंग करून बघा. तो उत्तर देतो आणि संगणक देत नाही, तर आधी संगणकाची फायरवॉल बघा, मग राउटरवरचे नियम.

काल ठीक केलं, आज परत तेच

या भागासाठी थोडा वेळ काढा, कारण तक्रार पुन्हा पुन्हा येण्याची खरी कारणं इथे आहेत.

पहिलं कारण सेव्ह न करणं. अनेक स्विचवर 'अप्लाय' दाबलं की बदल चालू स्थितीत लागू होतो, पण कायमचा लिहिला जात नाही. त्यासाठी 'सेव्ह कॉन्फिग' हे वेगळं बटण किंवा वेगळा मेनू असतो. सिस्कोवर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं जातं. सिस्कोवर याची एक खास खूण दिसते. व्हीलॅनची यादी सुरुवातीच्या सेटिंगनुसार 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहते, तर पोर्टची नेमणूक कॉन्फिगमध्ये. म्हणून रीबूटनंतर व्हीलॅनची नावं जागच्या जागी असतात आणि पोर्ट मात्र परत १ मध्ये गेलेले असतात. हे चित्र दिसलं की कुणी मुद्दाम पोर्ट बदलले असा संशय घेण्याआधी सेव्हचा विचार करा. हीच गोष्ट उलटीही होते. जुना स्विच पुसून पुन्हा वापरायला घेताना स्टार्टअप-कॉन्फिग पुसलं तरी ती फाइल उरते आणि आधीची व्हीलॅन परत उगवतात.

त्याला लागूनच व्हीटीपी. सिस्कोच्या स्विचमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप वाटणारी ही सोय आवृत्ती १ आणि २ मध्ये धोक्याची आहे. डोमेनचं नाव तेच आणि रिव्हिजन नंबर जास्त असलेला एखादा जुना स्विच कुणी नेटवर्कमध्ये जोडला, तर त्याची यादी बाकीच्यांवर लिहिली जाते. त्या यादीत तुमची व्हीलॅन नसतील तर ती सगळीकडून गायब होतात. तो स्विच क्लायंट मोडमध्ये असला तरी हे घडू शकतं. नेटवर्क लहान असेल तर ट्रान्सपरंट मोड ठेवा आणि व्हीलॅन हाताने बनवा. पाच-सहा स्विचवर एक ओळ लिहायला फार वेळ लागत नाही.

दुसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. स्विचवर पोर्टचं व्हीलॅन बदललं म्हणून यंत्राची लिंक तुटेलच असं नाही. यंत्राच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. ते जुना आयपी धरून बसतं आणि डीएचसीपीच्या नियमाप्रमाणे भाडेमुदतीचा अर्धा काळ उलटल्यावर नूतनीकरणाचा प्रयत्न करतं. निदान तोपर्यंत जुना आयपी, नवं व्हीलॅन, म्हणजे संपर्क शून्य. तुम्ही वैतागून सेटिंग उलटवता, मग यंत्र जुन्या आयपीवर चालायला लागतं आणि 'जुनं सेटिंगच बरोबर होतं' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. व्हीलॅन बदलल्यावर तो पोर्ट स्विचवरूनच बंद करून परत चालू करा, म्हणजे यंत्राला लिंक गेल्याचं कळेल. मध्ये दुसरा स्विच असेल तर त्याच्या पलीकडच्या यंत्राला हेही कळत नाही. तिथे यंत्रच बंद-चालू करावं लागतं.

तिसरं, स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा फेरा तयार होऊ नये म्हणून पोर्ट अडवणारी स्विचची सोय. पोर्टला एज किंवा पोर्टफास्ट (इथे स्विच नाही, यंत्रच आहे असं सांगणारा पर्याय) लावलेला नसेल तर लिंक आल्यावर ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे ३० सेकंद तो पोर्ट काही पुढे पाठवत नाही. काही यंत्रं तेवढा वेळ डीएचसीपीची वाट बघत नाहीत आणि हार मानतात. लक्षण असं की यंत्र सुरू करताना आयपी मिळत नाही, पण मिनिटभराने हाताने मागितला की लगेच मिळतो. उपाय म्हणजे यंत्रांच्या पोर्टना एज करणं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला हे अजिबात लावू नका.

स्वतःला बाहेर न कोंडता बदल करणं

स्विचचं व्यवस्थापन व्हीलॅन १ मधून दुसरीकडे नेताना लोक सगळ्यात जास्त अडकतात. क्रम सांभाळला तर अडकायचं कारण नाही. आधी नवं व्हीलॅन बनवा. एक रिकामा पोर्ट त्यात अनटॅग्ड करा, पीव्हीआयडी तोच. अपलिंकवर ते टॅग्ड करा. स्विच परवानगी देत असेल तर जुना व्यवस्थापन आयपी ठेवून नवा जोडा. लॅपटॉप त्या रिकाम्या पोर्टला लावून नव्या आयपीवर लॉगिन करा. आत शिरलात की मगच जुनं काढा, आणि शेवटी सेव्ह. तो रिकामा पोर्ट नंतरही तसाच राखून ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावून 'फक्त व्यवस्थापन' लिहा. तो उघड्या जागी असेल तर एरवी बंद ठेवा.

दुरून काम करताना परतीची सोय आधी लावून ठेवा. सिस्कोवर 'रीलोड इन १०' देऊन काम सुरू केलं आणि मध्येच संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या जुन्या स्थितीत उठतो. काम जमलं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. तोपर्यंत सेव्ह करायचं नाही, नाहीतर परतीची सोय उरत नाही. ज्युनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' हेच काम रीबूट न करता करतं, काही न सांगितल्यास दहा मिनिटांची मुदत धरतं. मायक्रोटिकवर कंट्रोल-एक्सने सेफ मोड चालू करा, सत्र तुटलं की बदल उलटतात. त्याच मायक्रोटिकवर ब्रिजचं (पोर्टना एकत्र जोडणाऱ्या भागाचं) व्हीलॅन फिल्टरिंग सगळ्यात शेवटी चालू करायचं असतं. पोर्ट आणि सभासदत्वाचं टेबल पूर्ण भरलेलं नसताना ते आधी चालू केलं तर तुमची स्वतःची वाट पहिली बंद होते.

काम झाल्यावर कॉन्फिगची फाइल उतरवून ठेवा आणि सोयीची वेळ बघून स्विच मुद्दाम एकदा बंद-चालू करा. सेव्ह झालंय की नाही हे वीज गेल्यावर कळण्यापेक्षा तुम्ही समोर असताना कळलेलं बरं.

एक तक्रार मात्र वरच्या कशातच बसत नाही. पिंग चालतो, प्रिंटरचं वेब पान उघडतं, पण फोनच्या यादीत प्रिंटर किंवा टीव्ही दिसत नाही. यंत्रं एकमेकांना शोधतात ती एमडीएनएसने, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर आणि ५३५३ पोर्टवर. हा पत्ता स्थानिक लिंकपुरता राखलेला असल्याने राउटर तो पुढे नेत नाही, मग फायरवॉल कितीही मोकळी करा. त्यासाठी दोन्ही व्हीलॅनमध्ये पाय असलेल्या यंत्रावर एमडीएनएसचा रिफ्लेक्टर, म्हणजे एका बाजूची हाक दुसऱ्या बाजूला पोचवणारी सोय, लागते. बऱ्याच राउटरमध्ये ती एका टिकेवर चालू होते, आणि लिनक्सवर अवाहीच्या (तिथल्या एमडीएनएस सेवेच्या) कॉन्फिगमध्ये रिफ्लेक्टरची एक ओळ 'येस' करून सेवा पुन्हा सुरू केली की प्रिंटर यादीत दिसायला लागतो.